बॅग तुम्ही स्वतःच भरली का?



दिवाळी आटोपली की शाळेत सहलीचे वारे वाहू लागतात. तारखा ठरायच्या आधी, पैसे भरायच्याही आधी, पालकांचा एक प्रश्न येतो : "मॅडम, सामान किती द्यायचे?" गेल्या वर्षी नववीची सहल अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला गेली आणि परतताना विमानाने इंदूरला आली. ३२ मुलामुलींपैकी २६ जणांचा तो पहिलाच विमानप्रवास होता. त्यामुळे हा प्रश्न मला शाळेच्या फाटकापाशी, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला. यंदाही सहल तशीच जाणार आहे. शिवाय आपल्यापैकी बरीच कुटुंबे आता सुट्टीत विमानाने जातात, काहीजण मुंबईहून क्रूझनेही जाऊन आले आहेत. म्हणून या अंकात थोडा अनुभव आणि थोडा हिशेब मांडावा असे वाटले.

जास्त सामान नेणाऱ्यांना हसणाऱ्यांपैकी मी नाही, हे आधीच सांगते. माझ्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीकडे आजोळी निघायचो, तेव्हा घरातून एक लोखंडी ट्रंक, एक होल्डॉल, पाण्याची सुरई, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा निघत असे. इंदूरहून मीटरगेजची छोटी गाडी पाताळपाणी-कालाकुंडचा घाट उतरून खंडव्याला जायची. तिथे मोठी गाडी पकडायची. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाताना वडील आधी मुले मोजायचे आणि मग नग. पण त्या प्रत्येक नगाला कारण होते. गाडीत अंथरूण मिळत नसे म्हणून होल्डॉल. पाण्याच्या बाटल्या विकत मिळत नसत म्हणून सुरई. जाताना ट्रंकेत इंदुरी शेवेची पुडकी असत आणि येताना आमसुले, कुळथाचे पीठ, मेतकूट, भाजणी आणि सांडगे. महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घरांत मराठी चव पुष्कळशी अशीच, ट्रंकेच्या तळाशी बसून आली. त्या सामानाचा मला आजही आदर वाटतो.

अडचण एवढीच की कारणे संपली तरी सवय राहिली. आज वातानुकूलित डब्यात चादर-उशी मिळते, पाणी पावलोपावली मिळते, औषधाचे दुकान प्रत्येक गावात आहे. तरीही बॅग भरताना आपल्या घरांत दोन शब्द हमखास ऐकू येतात : "लागलं तर?" या दोन शब्दांनी स्वेटर दुसरा जातो, चपलांचा तिसरा जोड जातो आणि झिप लावण्यासाठी घरातल्या जाड माणसाला बॅगेवर बसवावे लागते. आमच्या हिंदी भाषिक मैत्रिणी गमतीने म्हणतात की हिंदीतला 'सफर' जास्त सामानाने इंग्रजीतला 'सफर' होतो. इंग्रजीतल्या त्या शब्दाचा अर्थ सोसणे, हे मुलांना ठाऊक आहेच.

आता हिशेब पाहू. रेल्वेत स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येते आणि सहसा कोणी ते तोलत नाही. देशातल्या विमानप्रवासात बहुतेक कंपन्यांच्या साध्या तिकिटावर १५ किलो सामान काउंटरवर द्यायचे आणि ७ किलोपर्यंतची एक बॅग हातात ठेवायची. हातातल्या बॅगेचे माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. कंपनी आणि तिकिटाचा प्रकार यांप्रमाणे हे आकडे बदलतात, म्हणून आपल्या तिकिटावरचा नियम वाचूनच बॅग काढावी. वर जाणाऱ्या प्रत्येक किलोचे पैसे पडतात आणि ते ऐनवेळी काउंटरवर मोजणे सगळ्यांत महाग.

हे नियम प्रवाशांना छळण्यासाठी नाहीत. १८० आसनांचे विमान धरा. प्रत्येकाचे १५ आणि ७ असे २२ किलो, म्हणजे ३९६० किलो, जवळजवळ चार टन नुसते सामान. तेवढे वजन आकाशात न्यायला इंधन जळते. प्रत्येकाने २ किलो कमी केले तर ३६० किलो उतरतात, म्हणजे पाच मोठ्या माणसांचे वजन. परदेशी जाणाऱ्यांनी पाहिले असेल की एका बॅगेचे वजन ३२ किलोंच्या वर जाऊ देत नाहीत, मग तुम्ही कितीही पैसे मोजा. कारण ती बॅग शेवटी एका माणसाला कमरेत वाकून उचलायची असते. त्याच्या पाठीचा विचार त्या आकड्यात आहे.

मी एका रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर घरातल्या वस्तू तोलून पाहिल्या. मुलांनीही हा प्रयोग करून पाहावा. जीन्स ७०० ग्रॅम, साधी सुती पँट ३५० ग्रॅम. खेळाचे बूट ८०० ग्रॅम. पैठणीसुद्धा ८०० ग्रॅम. मोठा टॉवेल ५५० ग्रॅम आणि आपला साधा पंचा १५० ग्रॅम. त्यांच्यातल्या ४०० ग्रॅमांत एक पातळ पुस्तक आणि एक सदरा आरामात बसतो. पंचा रात्री धुतला की सकाळपर्यंत वाळतो, टॉवेल ओलाच बॅगेत जातो आणि सगळ्या कपड्यांना वास लावतो. चाकांची छोटी ट्रॉली बॅग रिकामीच अडीच किलो भरली. म्हणजे हातातल्या ७ किलोंपैकी अडीच किलो बॅगच खाते. उरलेल्या साडेचारांत आपण.

पण वजनापेक्षा मोठे असे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे नीट देता आली तर बॅग आपोआप हलकी होते, असा माझा अनुभव आहे.

पहिला प्रश्न विमानतळावरच विचारतात : बॅग तुम्ही स्वतःच भरली का? कोणी दुसऱ्याने काही दिले आहे का? हा प्रश्न सुरक्षेचा आहे. मोठी माणसे सवयीने "हो" म्हणून मोकळी होतात. पण गेल्या वर्षी आमची मुले रांगेत उभी असताना मी मनात विचार केला, या ३२ जणांपैकी किती जण हे "हो" खरे बोलतील?

त्याच सहलीतली गोष्ट. मुंबईत पहिल्या सकाळी एका मुलाला मोजे सापडेनात. बॅग त्याच्या पुढ्यात उघडी होती. त्याने इंदूरला फोन लावला, "आई, माझे मोजे कुठे आहेत?" आईने साडेपाचशे किलोमीटर दूर बसून सांगितले, "निळ्या पिशवीत, डाव्या कप्प्यात, खाली." मोजे तिथेच होते. आम्ही सगळे हसलो. तोही हसला. पण त्या बॅगेत काय आहे हे बॅगेच्या मालकाला माहीत नव्हते, ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी मला वाटली नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला गणितातले प्रमेय सिद्ध करता येते आणि चार दिवसांचे कपडे मोजता येत नाहीत, असे असेल तर शाळेचे आणि घराचे काहीतरी शिकवायचे राहिले आहे.

याच प्रश्नात दुसऱ्यांचे सामानही येते. कोणी पुण्याला निघाले असे कळले की शेजारच्या काकू "एवढंसं पार्सल" घेऊन येतात. त्यामागे माया असते आणि आपल्यासारख्या आप्तांपासून दूर राहणाऱ्या समाजात त्या पार्सलाने नाती टिकवली आहेत. पण विमानात बंद पाकीट नेऊ नये. "काकू, उघडून दाखवा, आम्ही पुन्हा बांधू," असे म्हणण्यात अपमान नाही. पार्सलात काय असू शकते याचे एक उदाहरण देते. ओटीत भरलेली सुक्या खोबऱ्याची वाटी आपल्याला मंगल वाटते. पण सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि ते पेट घेणाऱ्या पदार्थांत धरले जाते. आपल्याकडच्या विमान कंपन्या ते हातातल्या बॅगेतही नेऊ देत नाहीत आणि आतल्या सामानातही नाही. ज्याने ते बांधले त्याला हे माहीत नसते, ज्याने नेले त्याला आत काय आहे ते माहीत नसते, आणि उत्तर मात्र त्यालाच द्यावे लागते.

दुसरा प्रश्न : बॅग उचलणार कोण?

गेल्या वर्षी सहलीच्या आठ दिवस आधी आम्ही शाळेच्या हॉलमध्ये धान्याच्या दुकानात असतो तसा ताणकाटा टांगला आणि प्रत्येकाला भरलेली बॅग घेऊन बोलावले. सर्वांत जड बॅग १४ किलो ६०० ग्रॅम भरली. सर्वांत हलकी ४ किलो ३०० ग्रॅम. ही हलकी बॅग म्हणजे खांद्याला अडकवायची जुनी पिशवी होती. ती आणणाऱ्या मुलीला मी विचारले, "काही राहिले तर नाही ना?" ती म्हणाली, "नाही मॅडम, बाबा बस चालवतात. त्यांची बॅग नेहमी अशीच भरलेली असते. मी ती बघूनच भरली." मग तिने सगळ्यांसमोर एकेक वस्तू काढून दाखवली. दोन जोड कपडे, तिसरा अंगावर येणार होता. पंचा. साबणाचा अर्धा तुकडा प्लास्टिकच्या डबीत. मळके कपडे ठेवायला वेगळी कापडी पिशवी. सुई-दोरा. आठवड्यातले पाच दिवस घराबाहेर राहणाऱ्या माणसाच्या अनुभवाची ती बॅग होती. त्या दुपारी हॉलमधल्या मुलांनी आपापल्या बॅगा पुन्हा उघडल्या. दुसऱ्या वेळेला एकही बॅग ७ किलोंच्या वर गेली नाही.

या तोलण्यातून आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती विश्वस्त मंडळींसाठी लिहिते. सहलीसाठी नवी ट्रॉली बॅग हवी, नवे बूट हवेत, रोज वेगळे कपडे हवेत, असा समज मुलांमध्ये पसरला होता. दोन पालक मला एकेकटे येऊन भेटले. सहलीचे पैसे त्यांनी हप्त्यांनी भरले होते, आता बॅगेचा खर्च कसा करावा हे त्यांना कळत नव्हते. त्यांपैकी एकजण तर म्हणाले, "मॅडम, मुलाला यायचे नाही म्हणतोय." त्याला यायचे होते. त्याला जुनी बॅग घेऊन यायचे नव्हते. मी ही गोष्ट मंडळाच्या बैठकीत मांडली आणि मंडळाने त्याच बैठकीत ठरवले की सहलीला कोणीही ट्रॉली बॅग आणायची नाही, प्रत्येकाने आपले दप्तरच रिकामे करून त्यात सामान आणायचे. तो मुलगा सहलीला आला. हलक्या सामानाचा हा फायदा कोणत्याही प्रवासाच्या पुस्तकात मला वाचायला मिळाला नव्हता. सामान कमी झाले की माणसामाणसांतले अंतरही थोडे कमी होते.

दप्तर पुरते का? पुरते. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर नसावे असे म्हटले आहे आणि नववी-दहावीसाठी अडीच ते साडेचार किलो ही मर्यादा दिली आहे. म्हणजे त्याच्या आसपास वजन उचलायची आपल्या मुलांना सवय आहे. सहलीसाठी आम्ही ६ किलो ठरवले आहेत. घरी करून पाहायची परीक्षा सोपी आहे : भरलेली बॅग घेऊन दोन जिने चढा आणि उतरा. धाप लागली तर बॅग पुन्हा उघडा.

मोठ्यांनाही हीच परीक्षा लागू आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचे सातजण मुंबई-गोवा क्रूझला गेलो, त्यात माझ्या ७६ वर्षांच्या सासूबाई होत्या. त्यांचे माहेर महेश्वरचे. नर्मदेच्या घाटावर परिक्रमावासी उतरतात ते पाहत त्या वाढल्या. परिक्रमेला निघालेला माणूस पाठीवर मावेल तेवढेच घेतो, हे त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले. त्यांनी एका झोळ्यात दोन सुती साड्या, पंचा, शाल, औषधे आणि जपमाळ घेतली. आम्ही "आई, अजून दोन साड्या घ्या ना," म्हणून मागे लागलो तर म्हणाल्या, "मला जे उचलवत नाही, ते माझे कसे?" तीन दिवस त्या रात्री एक साडी न्हाणीघरात धूत, वातानुकूलित खोलीत ती सकाळपर्यंत वाळे.

त्यांचा तो झोळा मला पहिल्याच दिवशी उपयोगी पडला. क्रूझवर बंदरातच तुमच्या मोठ्या बॅगांना खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून त्या घेतल्या जातात आणि काही तासांनी खोलीशी येतात. तोवर हातात असेल तेवढेच. आमच्या बॅगा संध्याकाळी आल्या. दुपारच्या गोळ्या, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातात होता म्हणून बरे. खोली नेटकी पण लहान असते. मऊ बॅग पलंगाखाली सरकते, टणक मोठी बॅग दारातच आडवी पडते. आगीच्या भीतीने इस्त्री आणि पाणी तापवायची किटली जहाजावर नेऊ देत नाहीत. घरचे पदार्थही सहसा नेऊ देत नाहीत. चकल्यांचा डबा घेऊन आलेल्या एका काकूंनी तो बंदरावरच सगळ्यांना वाटून टाकला आणि जहाजावर चढण्याआधीच त्यांच्या सगळ्यांशी ओळखी झाल्या.

इथे पुरुष पालकांना आणि मुलग्यांना एक विनंती. कुटुंबाच्या प्रवासात सर्वांत जड बॅग बहुधा आईची असते, आणि त्यात तिचे स्वतःचे सामान सर्वांत कमी असते. नवऱ्याची औषधे, मुलांचे चार्जर, सासऱ्यांचे मफलर, सगळ्यांचा खाऊ. घर बाहेर पडते तेव्हा घराची आठवण ठेवायचे काम एकट्या तिच्याकडे असते. ज्याचे सामान त्याने भरावे आणि त्यानेच उचलावे, एवढे ठरले तरी तिचा प्रवास हा प्रवास होईल.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण : ही बॅग तुम्हाला सोडून देता येईल का?

जहाज सुटण्याच्या सुमारास सर्व प्रवाशांना ठरलेल्या जागी बोलावून संकटकाळी काय करायचे ते सांगतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की आपल्या ठरलेल्या जागी यायचे. सामान आणायला मागे फिरायचे नाही. विमानातही हेच सांगतात, आपण मात्र तेव्हा खिडकीतून बाहेर पाहत असतो. प्रवासी विमान बनवणाऱ्यांना सिद्ध करून दाखवावे लागते की निम्मे दरवाजे बंद असतानाही भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते. या ९० सेकंदांत वरच्या कप्प्यातून बॅग काढायला वेळ धरलेला नाही.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहांपैकी पाचजण दगावले. पण जळत्या मोठ्या विमानातले ३७९ जण, लहान मुलांसह, सगळे जिवंत बाहेर आले. कर्मचाऱ्यांचे कौशल्य त्यात होतेच. त्याबरोबर प्रवाशांनी बॅगा मागे ठेवल्या, याचाही जगभर उल्लेख झाला. थोड्याच वेळात ते विमान जळून खाक झाले. त्या बॅगांत कोणाची नवी वर्षाची भेट असेल, कोणाचा संगणक असेल. त्या सोडल्या म्हणून मागच्या रांगेतल्या कोणाला तरी वाट मिळाली.

म्हणून माझा नियम असा : जे सोडवणार नाही, ते बॅगेत ठेवायचे नाही. ओळखपत्र, पासपोर्ट, थोडे पैसे, रोजच्या गोळ्या आणि दम्याचा पंप हे अंगालगतच्या छोट्या पिशवीत. आपल्या पणज्या कमरेला कसा बांधत, तोच विचार. लग्नाला जाताना दागिने न्यावेच लागतात, ते अंगावर किंवा त्याच पिशवीत. मूळ प्रमाणपत्रे, घरातला एकमेव फोटो, आजोबांचे घड्याळ यांनी घरीच राहावे.

आपल्या वरच्या वर्गांतली मुले इतिहासात १८५७ शिकतात, तेव्हा विष्णुभट गोडसे यांचे नाव येते. कोकणातल्या वरसईचे हे भिक्षुक बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि महूच्या आसपास येईपर्यंत बंडाच्या वाऱ्यात सापडले. पुढे वाटेत ते पुन्हा पुन्हा लुटले गेले. मिळवलेले द्रव्य गेले. घरी परतले तेव्हा त्यांच्याजवळ आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड होती आणि पाहिलेल्या गोष्टींची आठवण होती. त्या आठवणीतून 'माझा प्रवास' हे पुस्तक झाले, ते १९०७ मध्ये छापले गेले. बॅगेतले जाऊ शकते. डोळ्यांनी आणि कानांनी आणलेले कोणी तोलत नाही आणि कोणी लुटत नाही.

आता यंदाच्या सहलीसाठी आणि घरच्या प्रवासासाठीही थोडक्यात सांगते.

कपडे तीन जोड : एक अंगावर, एक धुतलेला, एक राखीव. रात्री धुतलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून पिळला की लवकर वाळतो. रंग असे निवडावेत की कोणताही सदरा कोणत्याही पँटवर चालेल. पायांत बूट घालून यावे, बॅगेत फक्त चप्पल. विमानात आणि जहाजावर थंडी वाजते, म्हणून एक पातळ स्वेटर किंवा शाल हातात. मुलींनी महिन्याच्या गरजेच्या वस्तू हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात, तारीख लांब असली तरी. यात संकोच नको. बरोबरच्या शिक्षिकांकडेही त्या असतील.

पॉवर बँक आतल्या सामानात द्यायची नाही, हातातच ठेवायची. तिच्यातल्या बॅटरीने पेट घेतला तर माणसांसमोर आग लगेच दिसते आणि विझवता येते, खालच्या सामानात ती कळायलाच उशीर होतो. १०० वॅट-तासांपर्यंतची चालते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी गणित करावे : २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टला ७४ वॅट-तास होते, म्हणजे चालते. चाकू, कात्री, नेलकटरमधले पाते हातातल्या बॅगेत नको. लोणचे आणि तूपही हातातल्या बॅगेत नको. परदेशी जाणाऱ्यांसाठी तेल, शाम्पू वगैरे द्रव पदार्थांची बाटली १०० मिलीलिटरांपर्यंतच, हा नियम बहुतेक ठिकाणी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, त्यानंतर तो आला.

परतीसाठी बॅगेत एक चतुर्थांश जागा रिकामी ठेवावी. आजीसाठी काहीतरी घ्यावेसे वाटणारच, आणि वाटले पाहिजे. आणि एक पुस्तक जरूर न्यावे. त्याचे वजन मी धरणार नाही.

तोलण्याचा कार्यक्रम सहलीच्या आधीच्या शनिवारी, मधल्या सुट्टीनंतर हॉलमध्ये होईल. ताणकाटा तोच असेल. पालकांनी अवश्य यावे, मात्र बॅगेला हात लावू नये. प्रत्येक विद्यार्थ्याला मी एकच प्रश्न विचारणार आहे, तो या लेखाच्या वर लिहिला आहे. उत्तर "हो" असेल आणि ते खरे असेल, तर एखादा मोजा घरी राहिला तरी चालेल. मुंबईत मोजे मिळतात.

आपणा सर्वांना सुखाच्या प्रवासासाठी शुभेच्छा.

— प्राचार्या